डोळ्यातले फूल

उत्तरपत्रिका तपासताना मराठीच्या प्राध्यापकाच्या डोळ्यांत पाणी यावे, यात नवल ते काय? पण गेल्या वर्षी एप्रिलात माझ्या डोळ्यांतून जे पाणी वाहिले, त्याचा मुलांच्या शुद्धलेखनाशी काही संबंध नव्हता. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. गठ्ठ्यातली एक अडकलेली पुरवणी मी जोर लावून ओढली, ती एकदम सुटली, आणि तिचा करकरीत कोपरा सरळ माझ्या उजव्या डोळ्यात गेला.

पुढचे काही क्षण मी काय बोललो ते मराठीच्या प्राध्यापकाने बोलावे असे नव्हते. डोळा उघडवेना, मिटवेना. दिवा सहन होईना. पापणी हलली की आत कोणी काचेची पूड फिरवते आहे असे वाटे. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून धावत आल्या. “अहो, चोळू नका! आधी चोळू नका!” असे म्हणत त्यांनी माझा हात धरला आणि मला नळाखाली नेले. पाण्याने थोडे बरे वाटले. मग कपाटातून एक लहानशी बाटली निघाली. आदल्या पावसाळ्यात आमच्या चिरंजीवांचे डोळे आले होते, तेव्हा चिठ्ठीवाचूनच दुकानातून आणलेले ते थेंब होते. दोन दिवसांत त्यांनी लाली घालवली होती, म्हणून बाटली जपून ठेवलेली! थेंब घालण्यासाठी मी मान मागे टाकली देखील. आणि त्याच क्षणी मला थोरले मामा आठवले.

थोरल्या मामांच्या डाव्या डोळ्यात फूल होते. आम्ही मुले आजोळी कोकणात जात असू, तेव्हा त्या फुलाचे आम्हाला भय वाटे आणि कुतूहलही वाटे. काळ्या बुबुळाच्या मधोमध मोगऱ्याच्या कळीएवढा पांढुरका डाग. मामा सहा वर्षांचे असताना भाताच्या झोडणीच्या वेळी खळ्यावर खेळत होते. डोळ्यात कूस गेले. घरच्यांनी मध घातला, कोणी दूध घातले, कोणी कसल्याशा पाल्याचा रस पिळला. पंधरा दिवसांनी तालुक्याला नेले तेव्हा डॉक्टरांनी फक्त मान हलवली. एका डोळ्याने मामांनी सारा जन्म काढला. रेल्वेतली नोकरी डोळ्यांच्या तपासणीत गेली. लग्न लांबले. तांब्यातून भांड्यात पाणी ओतताना ते आधी तांब्याचे तोंड भांड्याच्या काठाला टेकवीत आणि मगच ओतीत. ती त्यांची ऐट आहे असे मला लहानपणी वाटे. एका डोळ्याला अंतराचा नीट अंदाज येत नाही म्हणून ती युक्ती होती, हे मला फार उशिरा कळले.

मी बाटली खाली ठेवली. रात्र कशीबशी काढली आणि सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

“सर, मी अकरावीला तुमच्या वर्गात होते,” त्या म्हणाल्या. अशा वेळी माणसाला एकच चिंता पडते, ती म्हणजे आपण हिला गुण किती दिले होते! त्यांनी डोळ्यात प्रथम एक थेंब टाकला, आणि काय सांगू, अर्ध्या मिनिटात स्वर्ग! दुखणे नाही, टोचणे नाही. मग एक पिवळसर रंग लावून त्यांनी निळ्या दिव्यात पाहिले. आरशासारख्या पडद्यावर मलाही दाखवले. माझ्या बुबुळावर हिरवागार चमकणारा एक ओरखडा होता, साधारण तीन मिलिमीटर लांब. ज्या जागी वरची साल निघालेली असते तेथेच तो रंग धरतो.

मी खिशातली बाटली दाखवली. त्यांनी लेबल वाचले आणि त्यांचा चेहरा बदलला. “हे घातलेत?”

“नाही.”

“देव पावला. यात स्टिरॉइड आहे, सर. लाली जाते, म्हणून लोकांना वाटते डोळा बरा झाला. पण अशा जखमेत बुरशी किंवा जंतू शिरले असतील तर पहारेकऱ्याला गुंगी देऊन चोराला दार उघडल्यासारखे होते.”

मी हळूच विचारले, “मग तो पहिला थेंब? त्याची बाटली मिळेल का?”

“मुळीच नाही. बधिरतेचा थेंब फक्त तपासण्यापुरता. घरी घालत बसलात तर जखम भरणारच नाही.” एवढे बोलून त्यांनी जंतुनाशक मलम लिहून दिले आणि म्हणाल्या, “उद्या-परवापर्यंत भरून येईल.”

उद्या-परवा! दाढी करताना हनुवटीवर झालेली चीर आठवडाभर मिरवणारा मी माणूस. माझा विश्वास बसेना. पण खरोखरच दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे अर्ध्यावर आले आणि तिसऱ्या दिवशी निळ्या दिव्यात हिरवे काही दिसेना. हे होते तरी कसे, या जिज्ञासेने मी मग वाचू लागलो, डॉक्टरीणबाईंना पिडू लागलो. आणि जे कळले ते इतके मनोहर आहे की ते तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

आधी नावाचा घोळ. आपण ज्याला बुबुळ म्हणतो त्याचा काळा-तपकिरी रंग हा आतल्या पडद्याचा. त्याच्यावर, घड्याळावर काच बसवावी तशी, एक पारदर्शक चकती असते. तिला डॉक्टर कॉर्निया म्हणतात आणि आपली परिभाषा स्वच्छमंडल म्हणते. नाव सुरेख आहे, पण ते कोणी उच्चारत नाही. मीही येथे कॉर्नियाच म्हणणार. रुंदी साडेअकरा-बारा मिलिमीटर, मध्यभागी जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. सुश्रुताने याला कृष्णमंडल म्हटले आहे आणि त्याच्या रोगांत ‘सव्रण शुक्र’ आणि ‘अव्रण शुक्र’ असे भेद केले आहेत. आपले ‘फूल’ ते हेच असावे.

ही काच बनली आहे कशाची, तर कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची. गंमत अशी की डोळ्याचा पांढरा भागही त्याच प्रथिनाचा. मग एक पांढरा आणि एक पारदर्शक का? पांढऱ्या भागात तंतू जाड-बारीक आणि कसेही पसरलेले असतात. कॉर्नियात ते सारे एका जाडीचे, सारख्या अंतरावर, हातमागावरच्या ताण्यासारखे ओळीने लावलेले असतात. या शिस्तीमुळेच प्रकाश न विखुरता पार जातो, हे डेव्हिड मॉरिस या शास्त्रज्ञाने इंग्लंडमध्ये १९५७ साली मांडले. म्हणजे कॉर्निया पारदर्शक असतो तो द्रव्यामुळे नव्हे, तर रचनेमुळे. रचना विसकटली की फूल पडले म्हणून समजा.

आता या काचेत रक्तवाहिनी चालणार नाही हे उघड आहे. म्हणून कॉर्निया रक्तावाचून जगतो. प्राणवायू तो अश्रूंच्या वाटे थेट हवेतून घेतो, आणि बाकीचे अन्न आतल्या पाण्यातून. पण रक्त नाही म्हणजे संकटकाळी कुमकही नाही! शरीरात इतरत्र कोठे जखम झाली की जागा लाल होते, सुजते, गरम होते, ठणकते. या साऱ्याला दाह म्हणतात, आणि तो आपल्या भल्यासाठीच असतो. रक्तातून शिपाई येतात, जंतू मारतात, मोडतोड उपसतात. बोटाला सूज आली तर चार दिवस बोट जाड दिसेल, एवढेच. पण कॉर्नियाला सूज आली की ताण्याचे धागे एकमेकांपासून दूर झालेच, आणि नजर गढुळलीच. दिवाणखान्यात चोर शिरला म्हणून पोलिसांची मोटारच भिंत पाडून आत आणण्यासारखे ते होईल. चोर सापडेल, पण दिवाणखाना? कॉर्नियाचा सारा संसार हा या एका पेचाभोवती रचलेला आहे.

त्याने पेच कसा सोडवला पाहा. पहिला पहारा अश्रूंचा. अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२२ साली अश्रूंत आणि शरीराच्या इतर स्रावांत लायसोझाइम नावाचे जंतू विरघळवणारे द्रव्य शोधले, तेव्हा प्रयोगाला अश्रू पुरेनात म्हणून तो लोकांच्या डोळ्यांत लिंबू पिळी. पेनिसिलिनच्या आधीची ही गोष्ट.

अश्रूंखाली पाच-सात पदरी साल. माझा ओरखडा या सालीत होता. साल फाटली की पहिले काही तास बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. आत मात्र कडेच्या पेशी आपले खालचे नांगर सोडतात, चपट्या होतात, आणि एकमेकींचा हात न सोडता उघड्या जागेवर सरकू लागतात. नव्या पेशी जन्मण्याची वाट पाहिली जात नाही. आहेत त्याच पांगून आधी भोक बुजवतात, आणि संख्या भरून काढण्याचे काम मागाहून, कडेला, सावकाश चालते. घरात अचानक पाहुणे आले की आपण आहे त्याच आमटीत पाणी घालतो आणि मग नवे आधण ठेवतो, तसे!

या पेशींची मूळ बीजे कॉर्नियात नसतातच. काळे आणि पांढरे जेथे मिळते त्या कडेच्या कंकणात ती असतात. तेथून नव्या पेशी जन्मभर मध्याकडे सरकत राहतात आणि आठवडा-दहा दिवसांत सारी साल नवी होते. ते कंकण शाबूत असेल तर साल पुन्हा येते. ते जळले तर नाही. चुन्याने नेमके तेच जळते. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा नळी लहान मुलाने दाबावी, ती फुटून डोळ्यात उडावी, ही आपल्याकडे डोळ्यांच्या इस्पितळात नित्य दिसणारी दुर्घटना आहे. अशा वेळी डॉक्टरांची वाट पाहू नये. कण दिसत असतील तर ओल्या स्वच्छ कापडाने काढावेत, आणि निदान अर्धा तास डोळ्यावर पाण्याची धार धरावी. डॉक्टरांकडे जायचे ते त्यानंतर. एका डोळ्याचे कंकण जळले आणि दुसरा डोळा चांगला असेल, तर त्या चांगल्या डोळ्याच्या कडेचा अगदी लहान तुकडा घेऊन, त्याचे बारीक कण करून जळलेल्या डोळ्यावर पेरण्याची युक्ती हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉ. वीरेंद्र सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केली. पेरणीच ती. शेतकऱ्याच्या देशाला शोभणारी!

जखम झाली की शिपाई अजिबात येतच नाहीत असे मात्र नव्हे. फाटलेल्या पेशी आरोळी देतात, आणि कडेच्या रक्तवाहिन्यांतून पांढऱ्या पेशी बाहेर पडून अश्रूंतून आणि तंतूंच्या थरांमधून चालत येतात. त्यांना अडवले तर बरे, असे कोणालाही वाटेल. ह्यूस्टनच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले, तेव्हा उलटेच दिसले: या पेशी कमी केल्या की साल भरून यायला उशीर लागतो. थोडा दाह हवाच. प्रश्न आहे तो मोजून मापून बोलावण्याचा, आणि काम झाल्यावर पाहुण्यांना निरोप देण्याचा. दाह शमवणारी काही द्रव्ये कॉर्नियाच्या सालीतील पेशी स्वतःच तयार करतात. आणखी एक चमत्कारिक गोष्ट. साल फाटताच तिच्या लगेच खालच्या तंतुथरातील पेशी काही तासांत आपण होऊन मरतात. ही आत्महत्या कशासाठी? विषाणू आत पसरू नयेत म्हणून आधीच वाट मोकळी करून ठेवायची, असा एक तर्क आहे. मला तो पटतो. वणवा अडवायला गावकरी पुढची पट्टी आधीच जाळून ठेवतात, त्यातलाच प्रकार.

साल आणि तंतू यांमधला पातळ पडदा जर शाबूत राहिला, तर हे सारे डाग न ठेवता संपते. माझे तसे झाले. पण जखम खोल गेली, जंतूंनी किंवा बुरशीने ती पोखरली, पडदा फाटका राहिला, तर वरच्या पेशींचे आणि अश्रूंतले संदेश खालच्या थरात झिरपत राहतात. तेथल्या पेशी रूप बदलतात आणि घाईघाईने नवे तंतू विणू लागतात. भोक बुजते, डोळा वाचतो, पण विणकाम ओबडधोबड. तेच फूल. मामांच्या डोळ्याने स्वतःला वाचवण्यासाठी जे केले, त्यानेच त्यांची नजर घेतली.

मी डॉक्टरीणबाईंना एकदा विचारले की आज मामा तुमच्याकडे आले असते तर बुबुळ बदलता आले असते का. त्यावर त्यांनी आधी कॉर्नियाचा इतिहासच सांगितला. माणसाचा कॉर्निया माणसाला बसवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातील ओलोमोऊत येथे एडुआर्ड झिर्म यांनी केली. रोगी होता आलोइस ग्लोगर नावाचा शेतमजूर. त्याचे डोळे चुन्यानेच गेले होते! अकरा वर्षांच्या एका मुलाचा जखमी डोळा काढावा लागला होता, त्याचा कॉर्निया कापून ग्लोगरच्या दोन्ही डोळ्यांना लावला. एका डोळ्यात तो टिकला. मूत्रपिंड बदलण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. रक्तगट जुळवलेला नाही, दाह दाबणारी आजची औषधे नाहीत, तरी परका कॉर्निया टिकला कसा? पीटर मेडावर यांनी १९४८ साली सशांच्या डोळ्यांत परक्या त्वचेचे तुकडे ठेवून पाहिले आणि डोळा परक्याला सहसा हाकलत नाही असे सांगितले. मात्र एक अट, तेथे रक्तवाहिन्या पोहोचता कामा नयेत. पुढे १९९५ साली असे दिसले की डोळ्यातल्या पेशींच्या अंगावर एक द्रव्य असते, आणि आत घुसलेल्या खवळलेल्या शिपाई-पेशी त्याला भिडल्या की त्यांनाच मरणाची आज्ञा मिळते. आणि रक्तवाहिन्या कॉर्नियात का शिरत नाहीत, हे २००६ साली अमेरिकेतील अंबाटी बंधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. रक्तवाहिन्यांना वाढण्याचा जो संदेश येतो, तो वाटेतच झेलून गिळून टाकणारे प्रथिन कॉर्निया स्वतः बनवतो. पाण्यात राहून गवत चरणारा मॅनाटी नावाचा एक प्राणी आहे. त्याच्या कॉर्नियात मात्र रक्तवाहिन्या असतात, आणि पाहिले तर त्या बिचाऱ्याकडे ते प्रथिनच नाही!

“आणि मामा?” मी म्हणालो.

“सर, त्यांच्या फुलात लाल शिरा होत्या का?”

होत्या. मला चांगल्या आठवतात. कडेकडून दोन बारीक शिरा त्या पांढऱ्या कळीपर्यंत गेल्या होत्या. मोठा दाह झाला की तो पहारा मोडतो, शिरा शिरतात आणि त्यांच्याबरोबर कॉर्नियाची ती सवलतही जाते. बसवलेले बुबुळ नाकारले जाण्याचा धोका पुष्कळ वाढतो. “त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे,” त्या म्हणाल्या. सहाव्या वर्षी डोळा झाकला गेला की मेंदू त्या डोळ्याने पाहण्याचे शिकणे सोडून देतो. मोठेपणी काच बदलली तरी पाहणारा जागा होईलच असे नाही. मामांनी आयुष्यभर कोणत्याच इस्पितळात त्या डोळ्याची चौकशी केली नव्हती, याचे मला नेहमी वाईट वाटे. ते तेवढे वाईट वाटणे त्या दिवशी संपले. पण खळ्यावरचे ते पंधरा दिवस मात्र अधिकच बोचू लागले.

कारण ते टाळता येण्याजोगे होते. नेपाळातल्या भक्तपूर जिल्ह्यात डॉ. मदनप्रसाद उपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या स्वयंसेवकांना एवढेच शिकवले, की डोळ्याला ओरखडा दिसला तर क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावायचे. २००१ साली त्यांनी निष्कर्ष छापले. दुखापतीनंतर अठरा तासांच्या आत ज्यांना मलम मिळाले, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. जे एक-दोन दिवसांनी आले, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना झाला. अठरा तास! आमच्या आजोळाहून तालुक्याला बैलगाडीने जायलाही एवढा वेळ लागत नसे.

दुखण्याविषयी एक राहिले. त्या बधिर थेंबाची मला अजून हळहळ वाटे, म्हणून विचारले. कॉर्नियातल्या संवेदनेच्या नसा त्वचेपेक्षा शेकडो पटींनी दाट असतात. म्हणून एवढा थयथयाट. पण त्या नसा केवळ कुरकुर करायला नाहीत. त्यांच्यातून पाझरणारी द्रव्ये सालीला जगवतात आणि जखम भरायला लावतात. नागिणीसारख्या रोगाने ज्यांच्या नसा गेल्या, त्यांचा डोळा दुखत नाही, आणि म्हणूनच बरा होत नाही. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या इटालियन विदुषीला नसा वाढवणाऱ्या ज्या द्रव्याच्या शोधाबद्दल १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचेच थेंब अशा रुग्णांसाठी २०१७ सालापासून युरोपात मिळू लागले.

माझी कथा मात्र तिसऱ्या दिवशी संपली नव्हती. ऑगस्टमध्ये एके पहाटे मी डोळा उघडला आणि किंचाळलो. तोच ओरखडा, तेच दुखणे, आणि उत्तरपत्रिका तर घरात एकही नव्हती! डॉक्टरीणबाईंनी हसत सांगितले की कागदाच्या कडेने आणि बाळाच्या नखाने झालेल्या जखमांची ही खोडच असते. साल दोन दिवसांत पसरते, पण तिचे सोडलेले नांगर पुन्हा घट्ट रुतायला आठवडे, कधी महिने लागतात. रात्री डोळा कोरडा पडून पापणी सालीला चिकटते, आणि पहाटे आपण झटक्यात डोळा उघडला की साल तिच्याबरोबर येते.

तेव्हापासून रोज निजताना मलम आहे. आणि पहाटे जाग आली तरी मी डोळा उघडत नाही. मिटल्या डोळ्याने उशाशी ठेवलेली थेंबांची बाटली चाचपतो, पापण्यांच्या कडेला एक थेंब सोडतो, आणि मनात वीसपर्यंत मोजतो. चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या सौभाग्यवतींना हे सोंग वाटते. “अहो, झाले का मोजून?” त्या विचारतात. मी अजून चौदावरच असतो.